पावकी-निमकी ते क्यूआर कोड : हिशोब कुणाच्या हाती?



स्मरणिका समितीनं मला "इतिहासाबद्दल काहीतरी लिहा" असं सांगितलं. सोसायटीचा इतिहास, म्हणजे प्लॉट कसे पडले, बोअरला पाणी कधी लागलं, पहिला डांबरी रस्ता कधी झाला, हे आपले संस्थापक सभासद माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी ३७ वर्षं बँकेत काढली. मला कळतो तो हिशोब. म्हणून मी हिशोबाचाच इतिहास लिहायला घेतला आहे.

त्याला एक कारण आहे. संध्याकाळी फिरून आल्यावर आपण ज्येष्ठ मंडळी बाकावर बसतो, तेव्हा दोन वाक्यं रोज कानावर पडतात. एक, "आजकालच्या लेकरांचं डोकं मोबाईलनं खाल्लं, सतरा पाचे किती विचारलं तर खिशात हात घालतात." आणि दुसरं, "आजकालची लेकरं भलतीच हुशार, आपल्याला सगळं तीच शिकवतात." गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा एकच माणूस, एकाच संध्याकाळी बोलतो! मग खरं काय? माणसाची बुद्धी एका पिढीत वाढते की घटते?

माझं म्हणणं असं की शंभर वर्षांपूर्वी हिंगोलीत जन्मलेलं लेकरू आणि आज इथल्या दवाखान्यात जन्मलेलं लेकरू, दोघं डोकं सारखंच घेऊन येतात. बदलतात ती हातातली साधनं, शाळा आणि भोवतालचा समाज. या तिघांनी जे काम मागितलं, त्या कामाकडं बुद्धी वळते. मात्र या बदलात एक गोष्ट नजरेआड होते. डोक्यातलं काम दुसरीकडं जातं, तेव्हा ते कुणाच्या हाती जातं? हा प्रश्न आपल्या जिल्ह्यानं गेल्या शंभर वर्षांत तीन-चार वेळा अनुभवला आहे.

कागदाच्या आधीचं डोकं

आपल्या जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. इकडं त्यांचे अभंग शेकडो वर्षं वारकऱ्यांच्या तोंडी राहिले. त्या काळी छापखाना नव्हता. लिहिलेल्या वह्या होत्या, पण त्या किती जणांच्या घरी असणार? टाळ, चाल आणि यमक हीच पाठांतराची साधनं होती. एका माणसाला शे-दोनशे अभंग पाठ असणं, यात त्या काळी कुणालाच नवल वाटत नव्हतं.

हिशोबाचंही तसंच होतं. जुन्या मापांकडं नीट पाहा. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. रुपयाचे सोळा आणे. सगळं अर्धं करत खाली यायचं किंवा दुप्पट करत वर जायचं. अर्धं करायला शाळा लागत नाही. भाकरीचे दोन भाग कसे करायचे हे लेकराला कुणी शिकवत नाही.

याच मापांना जोडून पंतोजींच्या शाळेत अपूर्णांकांचे पाढे असत. पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा. मग सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. समजा तूप सव्वा रुपया शेर आहे आणि साडेतीन शेर घ्यायचं आहे. सव्वा तिरी पावणेचार, अर्ध्या शेराचे दहा आणे, झाले चार रुपये सहा आणे. कागद नाही, पेन्सिल नाही.

त्याशिवाय व्यापाऱ्यांच्या तोंडी गुरुकिल्ल्या असत. वजनाचा मण चाळीस शेरांचा. म्हणून जितके रुपये मण, तितक्याच आण्यांना अडीच शेर. बारा रुपये मण भाव असेल तर अडीच शेराला बारा आणे, गुणाकार करायचाच नाही. शेराचे छटाक सोळा आणि रुपयाचे आणेही सोळा, म्हणून जितके रुपये शेर तितके आणे छटाक. मोंढ्यातल्या मापाड्याचं, आडत्याचं डोकं या किल्ल्यांवर चालायचं. आपल्याला ती जादू वाटायची. खरं तर ती त्या मापांचीच करामत होती. माप आणि पाढा एकमेकांसाठीच घडले होते.

सात हाली, सहा कलदार

आता निजामी अमलाकडं येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग हैदराबाद संस्थानात होता. हिंगोलीला निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज राहायची. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही आपल्या शहरातली नावं त्या छावणीचीच आहेत. (पेन्शनपुऱ्याचं नाव काढलं की आमच्यासारख्या पेन्शनरांना उगीच आपलेपणा वाटतो.)

संस्थानचा रुपया वेगळा होता. तो हाली सिक्का, आणि इंग्रजी राज्यातला तो कलदार. शेजारचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात, म्हणजे वाशीमच्या बाजूला गेलं की कलदार चालायचा. दर होता सात हालीला सहा कलदार. पस्तीस हाली रुपये घेऊन निघालेल्या माणसाला सीमेपलीकडं तीस कलदार मिळायचे. आपल्याकडच्या बैलांच्या, कापसाच्या व्यापाऱ्याला सातवा हिस्सा वजा करणं आणि सहावा हिस्सा वाढवणं तोंडपाठ असायचं. १९४८ नंतरही हाली लगेच गेला नाही. भारतीय रुपयाबरोबर तो काही वर्षं चालला आणि १९५९ मध्ये कायमचा बंद झाला.

आमच्या आजोबांना हे सगळं तोंडी यायचं, पण अक्षर एकही येत नव्हतं. सरकारी कागद उर्दूत, सावकाराची वही मोडीत आणि आजोबांची भाषा मराठी. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलं पाहिजे. पण ती भाषा उर्दू होती. आमच्या खेड्यातल्या मराठी पोराला वरच्या वर्गात जायचं म्हणजे आधी भाषेची भिंत ओलांडायची. बहुतेक पोरं भिंतीच्या अलीकडंच राहिली.

याचा परिणाम हिशोबावर कसा झाला ते पाहा. आजोबा मोंढ्यात ज्वारीचा पैसा न पैसा मोजून घ्यायचे. तिथं ते कुणाला ऐकत नव्हते. पण कर्जाचा कागद समोर आला की अंगठा. कागदात काय लिहिलं आहे ते वाचणारा माणूस वेगळा, व्याज चढवणारा वेगळा. घरात आजी दुधाच्या रतिबाच्या रेघा गेरूनं भिंतीवर ओढायची, ती आमची वही. सावकाराच्या वहीपुढं भिंतीवरच्या रेघा कोण मानणार? बुद्धी दोन्हीकडं होती. कागद मात्र एकीकडंच होता, आणि जमिनी कागदावर जात होत्या.

समाजाचा वाटा याहून मोठा. पंतोजीच्या ओसरीवर पाढे म्हणायला कोण बसू शकत होतं? मुली नाहीत. गावकुसाबाहेरची लेकरं तर नाहीतच. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. आपल्या मराठवाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज सुरू केलं ते १९५० मध्ये, आणि मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ मध्ये. ज्यांना पिढ्यान् पिढ्या "यांना कुठं जमणार" म्हटलं गेलं, त्यांची लेकरं दार उघडल्याबरोबर शिकली, अधिकारी झाली, प्राध्यापक झाली. माझ्या बँकेतले निम्म्याहून अधिक सहकारी त्यांच्या घरातले पहिले पदवीधर होते. एवढ्या थोड्या वर्षांत रक्त बदलत नसतं. दार उघडलं होतं, एवढंच.

शाळा 'समजा' शिकवते

शाळेनं डोक्यात नेमकं काय बदलतं, यावर रशियातले मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांचं काम फार बोलकं आहे. १९३१-३२ मध्ये ते उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले. तिथं नव्यानं शाळा निघत होत्या, सामूहिक शेती येत होती. त्यांनी शेतकऱ्यांना कोडं घातलं. लांब उत्तरेला जिथं बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. अमुक गाव लांब उत्तरेला आहे, तिथं कायम बर्फ असतं. तर तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? शाळेचं तोंड न पाहिलेले शेतकरी म्हणायचे की आम्ही तिकडं गेलो नाही, जो गेला त्याला विचारा. थोडीफार शाळा शिकलेले मात्र लगेच म्हणायचे, पांढरी.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाखेतला कर्जाचा टेबल आठवला. मी शेतकऱ्याला विचारायचो, "समजा एकरी आठ क्विंटल झालं, तर हप्ता किती द्याल?" तो म्हणायचा, "साहेब, पाऊस कुठं आला अजून?" माझ्या नव्या सहकाऱ्यांना वाटायचं, याला प्रश्नच कळला नाही. त्याला प्रश्न चांगला कळला होता. न पाहिलेल्या गोष्टीवर शब्द द्यायचा नाही, हे तो आयुष्यात ठेचा खाऊन शिकला होता. 'समजा' हा शब्द शाळेचा आहे. समजा क्ष बरोबर पाच. समजा एका हौदाला दोन नळ आहेत. डोळ्यांपुढं नसलेली गोष्ट खरी धरून पुढं जाणं हे शाळेचं मोठं देणं आहे. त्याशिवाय विज्ञान नाही, कायदा नाही, विमा नाही आणि बँकही नाही.

न्यूझीलंडचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८७ मध्ये १४ देशांतली आकडेवारी मांडून दाखवलं की बुद्ध्यांकाच्या चाचणीत प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा जास्त गुण घेते. याचा अर्थ आजोबा मंदबुद्धी होते असा नाही, हे फ्लिन यांनीच पुढं सांगितलं. शाळा, नवे उद्योग आणि नवं जगणं यांनी माणसाला वर्गवारी करायची आणि 'समजा' म्हणायची सवय लावली, आणि चाचण्या नेमकं तेच तपासतात.

नया पैसा आला

मी जून १९५७ मध्ये पहिलीत गेलो. त्याच्या दोनच महिने आधी, १ एप्रिल १९५७ ला, देशात दशमान नाणी सुरू झाली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. म्हणजे माझी पिढी दोन हिशोबांच्या सांध्यावर वाढली. घरात आणे आणि शाळेत नये पैसे.

आण्याचे बरोबर सव्वासहा पैसे होतात. पण सव्वा पैशाचं नाणं आणायचं कुठून? म्हणून सरकारी कोष्टकात एक आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ पैसे असं ठरलं. बाजारात यावरून रोज वाद व्हायचे. एक-एक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४ पैसे, एकदम घेतल्या तर २५! आमची आजी दुकानदाराशी यावरून तासभर भांडू शकायची, आणि हरायची नाही. पाठोपाठ १९५८ पासून किलो-ग्रॅम आणि लिटर आले आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायद्यानं गेले.

यात आपण काय मिळवलं? पुष्कळ. देशभर एकच माप झालं. पूर्वी एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराला जुळायचाच असं नव्हतं, आणि घेताना एक माप व देताना दुसरं हा धंदाही चालायचा. तो मोडला. दहाचा हिशोब साध्या घरच्या लेकराला लवकर कळतो. बाजार आणि कागद यांचा हिशोब एकाच भाषेत आला, ही गरिबाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट झाली.

आणि गमावलं काय? पावकी-निमकी अभ्यासक्रमातून हळूहळू गेली. आण्यांशिवाय औटकीला काम उरलं नाही. ज्या पाढ्याला काम नाही तो टिकत नाही. भाषेत मात्र आणे राहिले. "सोळा आणे खरं" आपण अजून म्हणतो. चार आणे म्हणजे २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं. मीही त्याच वर्षी निवृत्त झालो, त्यामुळं आमचा निरोप जवळजवळ एकत्रच झाला म्हणायचा.

लेजर ते संगणक

१९ जुलै १९६९ ला १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यानंतर आपल्या भागात शाखा वाढल्या. मी १९७४ मध्ये क्लार्क म्हणून लागलो. तेव्हा हाताएवढी जाड लेजरं असत. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत बेरीज करायची, मग खालून वर करून तपासायची. रात्री ताळा जुळला नाही तर कुणी घरी जायचं नाही. फरक नऊनं भागला गेला तर ओळखायचं की कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. ४८१ च्या जागी ४१८ लिहिलं तर फरक ६३. त्रेसष्ट दिसला की जुने हेड कॅशियर म्हणायचे, "आकडा फिरलाय, शोधा." असे कितीतरी आडाखे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

मग संगणक आला. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. नोकऱ्या जातील अशी भीती होती, निदर्शनं झाली. मोठ्या शाखांत आधी लेजर पोस्टिंगची यंत्रं बसली आणि दोन हजार सालानंतर कोअर बँकिंगनं सगळ्या शाखा एका तारेत ओवल्या. रात्रीचा ताळा यंत्र क्षणात जुळवू लागलं. आमची बोटावरची बेरीज चार-पाच वर्षांत बोथट झाली. जो स्नायू वापरत नाही तो ढिला पडतो, त्यातलंच हे. पण वाचलेल्या वेळात आम्ही कर्जदाराचा धंदा समजून घ्यायला, त्याच्या शेतावर जायला लागलो. हेही खरं आहे.

याच काळातली एक आठवण सांगतो. १९९२ मध्ये नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडण्याची योजना सुरू केली आणि काही वर्षांत ती आपल्या खेड्यांपर्यंत आली. एका गटाच्या बैठकीला मी गेलो होतो. एका बाईनं गटाकडून तीन हजार रुपये शेकडा दोननं घेतले होते आणि ती फेडायला आली होती. हिशोब लिहून देणाऱ्या शिकलेल्या मुलानं कॅल्क्युलेटर दाबला आणि व्याज ३६० सांगितलं. बाई अंगठाबहाद्दर. ती म्हणाली, "तीस शेकडे, महिन्याला साठ. नागपंचमीला उचलले, आता संक्रांत आली. पाच महिने झाले. तीनशे होतात, साठ कशाचे?" मुलगा पुन्हा-पुन्हा कॅल्क्युलेटर दाखवत राहिला. कॅल्क्युलेटर चुकला नव्हता. त्यात महिने सहा घातले होते. बाईला यंत्र येत नव्हतं, पण आपलं कर्ज तिच्या डोक्यात सणवारानं नोंदलेलं होतं. त्या दिवशी तिचे साठ रुपये वाचले. त्या काळी साठ रुपये म्हणजे एका माणसाची दोन दिवसांची मजुरी होती.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात संशोधकांना हेच दिसलं होतं. १९८५ मध्ये त्यांचं काम छापून आलं. बाजारात नारळ विकणारी पोरं गिऱ्हाइकाशी बोलताना शंभरातले ९८ हिशोब बरोबर करत. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली की शंभरात ३७ बरोबर. दहा नारळांची किंमत विचारली तर एक मुलगा तीन-तीनचे गठ्ठे करून बेरीज करायचा, 'शून्य लावायचं' हे त्याला माहीतच नव्हतं. आपल्याकडं कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच अभ्यास केला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातल्या पोरांना शाळेची गणितं जमेनात, आणि शाळेतल्या मुलांना बाजारातला हिशोब जमेना. दोन्हीकडं बुद्धी आहे. मधला पूल बांधायचं काम शाळेचं आहे आणि घराचंही.

आता मोबाईल

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं, नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि आज भाजीच्या गाड्यावरही क्यूआर कोड लटकतो. पैसे आले की डबा बोलतो. सुट्ट्या पैशांचा वाद संपला, त्याबरोबर सुट्टे परत मोजून घेण्याची सवयही संपली. आपल्यापैकी किती जणांना मुलाचा मोबाईल नंबर पाठ आहे? पूर्वी दहा-वीस नंबर डोक्यात असायचे.

यात घाबरून जाण्यासारखं फार नाही. लिहायची कला आली तेव्हा ग्रीसमधल्या सॉक्रेटिसलाही हीच चिंता वाटत होती, असं प्लेटोनं लिहून ठेवलं आहे. लोक लिहून ठेवतील आणि पाठांतर विसरतील, अशी ती चिंता. तसं झालंही. पण लिहिल्यामुळं जे विचार करता आले ते नुसत्या पाठांतरानं झाले नसते. (आणि त्याची ही चिंता आपल्यापर्यंत पोचली तीही लिहिल्यामुळंच!)

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला 'लायगो'ची वेधशाळा उभी राहते आहे. तिला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिचे दोन बाहू चार-चार किलोमीटर लांबीचे असतील, आणि अवकाशातून गुरुत्वीय लहर आली की त्या लांबीत होणारा प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक तिथं मोजला जाईल. ज्या मातीत चिपटं-मापट्यानं ज्वारी मोजली, तिथंच हे मोजमाप होणार. ते पाढे पाठ करून होणारं काम नाही, त्याला 'समजा'च लागतं. आपल्या सोसायटीतलं एखादं लेकरू उद्या तिथं काम करताना दिसावं, असं मला फार वाटतं.

काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. आजोबांच्या वेळी कागद सावकाराकडं होता आणि आजोबा अंगठा देत होते. आज आपण सगळे शिकलेले, तरी मोबाईलवर 'मी सहमत आहे' या चौकोनाला न वाचता बोट लावतो. अंगठाच तो, फक्त शाई गेली. फसवणुकीचे फोन येतात, ओटीपी मागतात, पोलीस असल्याचं सांगून 'डिजिटल अटक' करतात. त्यात पदवीधर आणि पेन्शनरही सापडतात. एक कायम लक्षात ठेवा. कुठलीही बँक फोनवर ओटीपी किंवा पिन मागत नाही, आणि 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला तर ठेवून द्या आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

घरात आणि सोसायटीत काय करता येईल?

औटकी परत आणा, असं मी म्हणणार नाही. तिचा काळ गेला. एक गोष्ट मात्र वाचवता येईल, ती म्हणजे अदमास. उत्तर साधारण किती यायला हवं, हे यंत्राच्या आधी डोक्यानं सांगायचं. किराण्याची यादी हातात घेतली की नातवंडांना विचारा, "किती होतील?" त्यांनी अंदाज सांगावा, मग मोबाईलनं तपासावं. शंभराच्या जागी हजार आले तर खटकलं पाहिजे. त्या बाईला साठ रुपये खटकले होते, तसं. त्या बदल्यात नातवंडांनी आजी-आजोबांना यूपीआयचा पिन कुठं टाकायचा आणि कुठं टाकायचा नाही, ते शिकवावं. पैसे घेताना पिन लागत नाही, एवढं जरी शिकवलं तरी कितीतरी घरं वाचतील.

आणि आपल्या सोसायटीचं. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होते. तिच्यात ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवाल वाटला जातो. गेली कित्येक वर्षं मी पाहतो, "मंजूर, मंजूर" म्हणत तो विषय दोन मिनिटांत संपतो आणि पार्किंगवर दोन तास चर्चा होते. आपले पदाधिकारी प्रामाणिक आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण प्रामाणिक माणसाचाही हिशोब वाचला गेला पाहिजे, त्यातच त्याचा मान आहे. पुढच्या सभेच्या आधीच्या रविवारी मी समाजमंदिरात बसेन. ज्यांना ताळेबंद कसा वाचायचा ते पाहायचं असेल त्यांनी यावं. शाळकरी मुलांनी तर जरूर यावं. सिंकिंग फंड म्हणजे काय, तो का शिल्लक ठेवायचा, देखभाल वर्गणीतला रुपया कुठं-कुठं जातो, हे सगळं तासाभरात कळण्यासारखं आहे.

आमच्या आजोबांना डोकं होतं, पण कागद वाचता येत नव्हता. आपल्याला कागद वाचता येतो. तेव्हा अंगठा लावण्याआधी तो वाचू या.

रौप्यमहोत्सवाच्या सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मनापासून शुभेच्छा.